आई-बाबा, मी स्कॅनसाठी नाव दिलंय

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू मधेच रडायला लागली असतीस, म्हणून लिहितेय. मेंदू म्हातारा कसा होतो आणि डिमेन्शिया कसा सुरू होतो यावर जो अभ्यास चाललाय त्यात मी नाव दिलंय, सहीपण करून झाली. मला काहीही झालेलं नाही!! त्यांना धडधाकट माणसंही हवी असतात, कारण अल्झायमरमधलं ते अमायलॉइड नावाचं प्रोटीन विसरायला लागायच्या १५-२० वर्षं आधीपासूनच मेंदूत साचायला लागतं, मग फक्त आजारी माणसांचे स्कॅन काढून सुरुवात कशी सापडणार?

बाबा, आजीला लवकर दाखवायला हवं होतं असं तुम्ही अजून म्हणता ना, ते आता सोडा. जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड दाखवणारा तो पेट स्कॅन पहिल्यांदा २००२ मध्ये स्वीडनला, उप्सालात झाला, आजी त्याच्या आधीच गेली. तेव्हा खात्रीने सांगायचं तर माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच. शेवटी शेवटी ती तुम्हाला दादा म्हणायची आणि तुम्ही प्रत्येक वेळी ओ द्यायचात, मी दाराआडून बघायचे. तुम्ही काही कमी केलं नाहीत बाबा.

आणि त्रास काही नाही. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, नुसता ठकठक आवाज, कानात बोळे देतात, पांघरूण देतात, हलायचं नाही एवढंच. पेटला शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात पण ते दर ११० मिनिटांनी निम्मं होत जातं, दुसऱ्या दिवशी जवळजवळ काहीच उरत नाही. जेवून-खाऊन नीट आहे मी, झोपही होते. रिपोर्ट कळवू का विचारलं तर मी नको म्हणाले, कारण अमायलॉइड असूनही शेवटपर्यंत डोकं शाबूत राहिलेली माणसं पुष्कळ असतात, उगाच जिवाला घोर कशाला.

म्हणूनच तुम्ही दोघं स्कॅन काढा असं मी म्हणत नाहीये. बाबांना नावं आठवत नाहीत म्हणजे लगेच तसलं काही असं मुळीच नाही, या वयात होतं ते. पण कानाचं मशीन ड्रॉवरमधून बाहेर काढायचं, ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये धरतात. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. आणि रोज चालायचं, दोघांनी. २०११ मध्ये १२० वयस्कर माणसांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात वर्षभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचं काम करणारा भाग, साधारण २ टक्के वाढला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा थोडा कमी झाला. आई, गुडघा दुखला तर हळू चाल, पण चाल. रागावून नाही सांगत गं, मला तुम्ही दोघं खूप वर्षं हवे आहात.

स्कॅन झाला की संध्याकाळीच फोन करते. बाबांनी मशीन घालून स्वतः बोलायचं, आईने मधे निरोप द्यायचा नाही.

तुमची,
मनू