टूलची आवृत्ती प्रकल्पातच नोंदवली जावी

मा. संपादक,

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प सादर करायचे दिवस आले की आमच्या सोसायटीतली मुलं लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात, कारण मी याच क्षेत्रात नोकरी करते. मुलांचा कोड बहुधा बरा असतो. अडतं ते टूल्सपाशी. फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारा), लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारा), कोड जनरेटर (कोड आपोआप तयार करणारा) ही कमांड लाइनवर चालणारी टूल्स गटातल्या प्रत्येकाकडे वेगळ्या आवृत्तीची असतात. परवा एका गटाचं गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, उघडलं. बदल एका ओळीचा, पण 'प्रोटोक-जेन-गो' या गो भाषेच्या कोड जनरेटरने तयार केलेली फाइल वरपासून खालपर्यंत बदललेली! त्या फाइलच्या माथ्यावर टूलची आवृत्ती छापून येते; एका मुलाकडे १.२८, दुसऱ्याकडे १.३६. प्रकल्पाची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलीत मात्र नुसतं 'लेटेस्ट' लिहिलेलं. म्हणजे ज्याने ज्या महिन्यात इन्स्टॉल केलं, त्याला त्या महिन्यातलं मिळालं.

यावर उपाय हाताशी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या गो १.२४ पासून 'गो गेट -टूल' म्हटलं की टूलची नोंद गो डॉट मॉडमध्येच (प्रकल्प बाहेरच्या कोणत्या कोडवर अवलंबून आहे ते लिहिलेल्या फाइलीत) होते आणि 'गो टूल' लिहून तीच आवृत्ती चालवता येते. पूर्वी त्यासाठी टूल्स डॉट गो नावाची फाइल ठेवून त्यात टूल इम्पोर्ट करावं लागे. नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांत, टूल डेव्ह-डिपेंडन्सीत (फक्त विकासासाठी लागणाऱ्या बाहेरच्या कोडच्या यादीत) टाकावं, नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल गिटमध्ये ठेवावी आणि त्याच आवृत्त्या इन्स्टॉल करणारी 'एनपीएम सीआय' ही कमांड चालवावी. गोमध्ये टूलच्या डिपेंडन्सी प्रकल्पाच्या डिपेंडन्सींत मिसळतात, ही तक्रार खरी आहे. फार अडलं तर टूल्ससाठी वेगळी मॉड फाइल करता येते.

प्रश्न सुरक्षेचाही आहे. जुलै २०१८ मध्ये ईएसलिंट हे जावास्क्रिप्टचं लिंटर ज्यावर चालतं त्या 'ईएसलिंट-स्कोप'ची ३.७.२ ही आवृत्ती एनपीएमवर, म्हणजे जिथून असा कोड डाउनलोड होतो त्या भांडारात, कोणीतरी घुसवली. ती डेव्हलपरांचे लॉगिन टोकन चोरत होती. लॉक फाइलमधली आधीची आवृत्तीच वापरणाऱ्यांकडे ती पोचली नाही.

आपल्याकडे ब्लॅक बुकचे, म्हणजे प्रकल्पाच्या छापील अहवालाचे, समास आणि सोनेरी अक्षरं बारकाईने तपासली जातात. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी आणखी एक गोष्ट करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे: लॅबमधल्या कोऱ्या संगणकावर प्रकल्प क्लोन करायला (गिटमधून त्याची प्रत उतरवायला) लावावा, मुलांना एकच कमांड द्यायला सांगावी आणि तो उभा राहतो का ते पाहून त्याचे गुण द्यावेत.

— एक सॉफ्टवेअर अभियंता, गोरेगाव (पूर्व), मुंबई