पॉइंट फेकून देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला जुन्या मोटारींवरचा लेख आवडीने वाचला. ‘पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक किट बसवा, कटकट संपली’ हे एकच वाक्य मात्र खटकले. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा) उघडण्यात माझा सगळा जन्म गेला, म्हणून राहवत नाही.

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला छोटा स्विच. शाफ्टवरच्या उंचवट्यांनी, म्हणजे कॅमने, तो उघडतो, ठिणगीचे व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलचा करंट तुटतो आणि प्लगला ठिणगी मिळते. त्याची कटकट खोटी नाही. कॉइलचा तीन-चार अँपिअर करंट त्या दोन इवल्याशा टिकल्या तोडत असतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेते तेव्हा सेकंदाला २०० वेळा! जुना पॉइंट उजेडात धरून पाहा, एका टिकलीवर खड्डा आणि समोरचीवर तेवढेच टेकाड दिसेल. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते ती वेगळीच. ती झिजली की टिकल्यांमधला गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडते.

पण किट घेताना गिऱ्हाईक विचारते, ठिणगी किती व्होल्टची? मी म्हणतो, ठिणगी कधी पाडायची हे त्या किटला सांगणार कोण, ते आधी विचारा. यालाच ट्रिगर म्हणतात, आणि निवड तिथून सुरू होते. हॉल सेन्सरवाल्या (चुंबक ओळखणाऱ्या) किटमध्ये कॅमवर चुंबकाची रिंग बसते. इंजिन हळू फिरो की जोरात, सिग्नल तेवढाच मिळतो. चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा पिकअप दणकट असतो, पण सेल्फ मारताना इंजिन मंद फिरले की त्याचा सिग्नलही मंदावतो. प्रकाशावर चालणाऱ्याची काच तेलाच्या वाफेने माखता कामा नये. चौथा प्रकार हल्ली कोणी विचारत नाही, मला मात्र तोच जवळचा: पॉइंट जागेवर ठेवून त्याच्याकडून फक्त इशाऱ्याचे काम घ्यायचे आणि कॉइलचा भार ट्रान्झिस्टरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवर, टाकायचा. टिकल्या जळत नाहीत. टाच झिजते, तेवढी फीलर गेज (गॅप मोजायची पट्टी) लावून बघावी लागते. रस्त्यात मॉड्यूल (किटचा इलेक्ट्रॉनिक भाग) गेलेच, तर वायर पूर्ववत जोडून त्याच पॉइंटवर घरी येता येते.

कुठलेही किट घ्या, आधी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. खटखट लागली तर शाफ्टला आधार देणारे बुश गेलेत. ॲडव्हान्सच्या (वेगानुसार ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा सैल पडल्या असतील तर कितीही महागडे किट त्या आवळून देणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या ‘किट बसवूनही मिसिंग’ (मधूनच ठिणगी चुकते) अशा तक्रारीच्या गाड्यांत बहुतेक वेळा दोष इथेच सापडे.

मग कॉइल. बॅलास्टवर (करंट आवरणाऱ्या जोड रेझिस्टरवर) चालणारी दीड ओहमची कॉइल बॅलास्ट काढून थेट बारा व्होल्टला लावली, तर करंट दुपटीने वाढतो आणि मॉड्यूल भाजते. किटला किमान किती ओहमची कॉइल चालते ते पत्रकात बघा आणि मीटरने मोजून घ्या. गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेली) असेल तर किटही त्याच जातीचे हवे. बसवून झाल्यावर टायमिंग लाइट लावून टायमिंग नव्याने जुळवायलाच हवे. जुनी खूण धरून चालत नाही.

एक प्रसंग मनातून जात नाही. एका गृहस्थांनी इंजिन बंद, किल्ली मात्र चालू, अशा गाडीत बसून तासभर रेडिओ ऐकला. मी हात लावला तेव्हा कॉइल चटका देण्याइतकी तापली होती आणि नवेकोरे मॉड्यूल मेले होते. बिचारे किटलाच दोष देत होते. इंजिन थांबल्यावर करंट आपोआप तोडणारी किटे मिळतात. पत्रकात ती ओळ आहे का, एवढे त्यांना घेतानाच कोणी सांगायला हवे होते.

काढलेला पॉइंट त्याच्या प्लेटसकट, गॅप लावून, कंडेन्सर आणि एका छोट्या स्क्रूड्रायव्हरबरोबर डब्यात घालून डिकीत ठेवावा. माझ्या स्वतःच्या गाडीत तो डबा आजही आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन