सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमधल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

प्रबंधातल्या ऋणनिर्देशात गाइड, प्राचार्य, घरचे असे सगळे बसवता बसवता तुमच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ आली. म्हणून हे उघड पत्र.

आम्ही केमिस्ट्रीवाले. सॅलिसिलाल्डिहाइड आणि अमाइन इथेनॉलमध्ये रिफ्लक्स करून (वाफ थंड करून परत आणत उकळून) शिफ बेस, म्हणजे कार्बन-नायट्रोजनच्या दुहेरी बंधाचा रेणू, बनवायचा, मग त्याचे तांबं, निकेल, कोबाल्ट, जस्त यांच्याबरोबर कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूला बांधलेली संयुगं, काढायचे, इथवर हात बसलेला होता. आयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) १६२० च्या आसपासचा अझोमेथिनचा, म्हणजे त्याच कार्बन-नायट्रोजन बंधाचा, बँड खाली सरकला, की नायट्रोजन धातूला बांधला गेला म्हणायचं आणि चहाला जायचं. पण कॉम्प्लेक्सची ती हिरवी पावडर जंतूंना रोखते का, ते ठरायचं तुमच्या इनक्युबेटरमध्ये, ३७ अंशांवर, रात्रभरात.

जंतूंचं सस्पेन्शन ०.५ मॅकफार्लंडच्या (जंतूंची संख्या ठरावीक ठेवायच्या मापाच्या) गढूळपणाशी जुळल्याशिवाय तुम्ही स्वॅबला हात लावू दिला नाही. अगारची (जंतू वाढवायच्या जेलीची) प्लेट दर वेळी ६० अंशांनी फिरवून तीनदा स्वॅब करायचा, हेही तुमच्याकडे बघूनच शिकले. पण खरे आभार तुमच्या त्या प्रश्नाचे: "नुसत्या डीएमएसओची वेल कुठाय गं? आणि नुसतं कॉपर क्लोराइड?" (वेल म्हणजे अगारमधला नमुना भरायचा खड्डा, डीएमएसओ म्हणजे नमुने विरघळवायचं द्रावक.)

डीएमएसओच्या वेलभोवती काही दिसलं नाही. कॉपर क्लोराइडभोवती मात्र स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या प्लेटवर झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, आला, कॉम्प्लेक्सपेक्षा लहान, पण आला. त्या एका वेलमुळे माझं डिस्कशनचं प्रकरण बदललं. किलेशनमुळे, म्हणजे रेणूने धातूला एकापेक्षा जास्त जागी पकडल्यामुळे, धातूवरचा धनभार विभागला जातो, रेणू मेदात जास्त विरघळतो आणि पेशीच्या पडद्यातून आत शिरतो, ही ट्वीडी या संशोधकाची मांडणी आमच्याकडे जवळपास प्रत्येक प्रबंधात असते. मलाही ती लिहायची होतीच. पण तांब्याचा स्वतःचा वाटा किती, हे सांगितल्याशिवाय ती लिहिणं म्हणजे हवेत बोलणं.

झोन मोठा म्हणजे औषध जालीम, असं धरू नको, हेही तुमचंच. जड रेणू अगारमध्ये हळू पसरतो, कधी पाणी लागताच वेलमध्येच साका होऊन बसतो. म्हणून ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण) काढला. त्यात जस्ताचं कॉम्प्लेक्स ई. कोलाय जंतूंपुढे अगदीच फिकं पडलं. तेही जसंच्या तसं छापलंय. व्हायवामध्ये बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न मेटल सॉल्टच्या कंट्रोलवर, म्हणजे नुसत्या कॉपर क्लोराइडच्या त्या वेलवर, विचारला!

लवकरच आमची ज्युनियर तिचे कोबाल्टचे नमुने घेऊन येईल. तिलाही विचारा. मी तिला आधी काही सांगितलेलं नाही.

तुमची,
केमिस्ट्रीतली