राईडला सिनेमाचं नाव कशाला?

महोदय,

मनोरंजन उद्यानात नवी राईड येणार म्हटलं की पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या सिनेमावरची?’ कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही समुद्री चाच्यांची, होडीतून फिरवणारी राईड १८ मार्च १९६७ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या पाठीशी कुठलाही सिनेमा नव्हता. त्या नावाचा पहिला चित्रपट २००३ मध्ये आला, आणि तो या राईडवरूनच सुचलेला.

मुलीकडे गेलो असताना नातीबरोबर त्या होडीत बसलो. सुरुवातीला संथ पाणी, अंधुक उजेड, लुकलुकणारे काजवे, ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसलेला म्हातारा. जीव निवांत होतो न होतो तोच होडी अंधारात खाली घसरते. पुढे कोठडीतले कैदी हाडूक दाखवून कुत्र्याला बोलावतात, कारण किल्ल्या त्याच्या तोंडात आहेत. तो ढिम्म हलत नाही! हे कळायला ना इंग्रजी लागतं, ना कुठला नायक माहीत असावा लागतो. नात आणि मी एकदमच हसलो.

आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टर राईडचंही तसंच. तिच्या डब्यांना तळ नाही, पाय अधांतरी लोंबतात. पोटात गोळा येतो तो त्यामुळे.

उद्यान उभारणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: सिनेमाचं नाव विकत घेण्याआधी थोडा पैसा अंधार-उजेडावर, वेगाच्या चढउतारावर आणि बारीकसारीक देखाव्यांवर खर्च करा. आणि रांगेतही पाहण्यासारखं काही ठेवा. लहान मुलं तिथे तासभर उन्हात नुसती ताटकळतात.

– एक आजोबा, ठाणे