मंत्रिमहोदय, लाल टोपण की केशरी?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली निवृत्त स्टाफ नर्स. सगळी नोकरी मेडिसिन वॉर्डात गेली. हे पत्र एका सिरिंजमुळं लिहितेय.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा पहाटे दार वाजवत आला. "सिस्टर, आई उठंना." जाऊन बघते तर माउली घामानं चिंब, हाकेला ओ नाही. मशीनवर साखर 34, म्हणजे फारच खाली. शेजारीण तोंडात साखर कोंबायच्या बेतात होती, तिचा हात धरला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या घशातून ती थेट फुप्फुसात जाते. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज गेलं, तेव्हा बाईनं डोळे उघडले.

झालं होतं असं. सरकारी दवाखान्यातली इन्सुलिनची बाटली संपली, म्हणून पोरानं मेडिकलवरून आणली. जुनी 40 ची होती, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, नवी 100 ची. सिरिंज मात्र तीच, 40 च्या बाटलीची, लाल टोपणाची. नेहमीसारखं 20 च्या रेघेपर्यंत ओढलं आणि 20 ऐवजी 50 युनिट पोटात गेलं. 100 च्या बाटलीला केशरी टोपणाची सिरिंज लागते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगणार कोण? रात्रपाळीला चाळीस खाटांना मी एकटी असायचे. सुट्टी झालेल्या किती जणांना नुसतं "इंजेक्शन वेळेवर घ्या" म्हणून वाटेला लावलंय. ते आता मलाच टोचतं.

लकव्याच्या पेशंटचंही तेच. दर दोन तासांनी कूस बदलायची, पहिला घास देण्याआधी बसवून चमचाभर पाणी गिळतं का ते बघायचं. हे आम्हाला पाठ असतं. पण घरी सून आडवं निजवूनच पेज भरवते आणि आठवड्यात न्यूमोनिया घेऊन पेशंट परत. दोष सुनेचा नाही.

माझी मागणी छोटी आहे. सुट्टीआधी नातेवाइकानं सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं दोनदा इन्सुलिन भरून दाखवावं, कूस बदलून दाखवावी, आणि हे शिकवणं सिस्टरचं काम म्हणून ड्युटीत धरावं, त्यासाठी माणूस द्यावं. आज ते फावल्या वेळातलं पुण्य समजलं जातं. जिल्हा रुग्णालय तुमच्याकडे आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेडची मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, हे मला ठाऊक आहे. पेशंटला ठाऊक नसतं. तेव्हा दोन्ही खात्यांनी एकच नियम काढावा.

फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन कसं ठेवायचं, तेही शिकवण्यात यावं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं आणि त्यात बाटली. मराठवाड्याच्या उन्हात हे चालतं. फ्रिज असलेले बर्फाच्या कप्प्यात ठेवतात, ते इन्सुलिन वाया जातं!

आणि ऊसतोडीला जाणारे. फिटच्या गोळ्या महिन्याच्या मिळतात, माणूस फडावर जातो पाच-सहा महिने. गोळी एकाएकी बंद पडली की फिट उलटून येते, तीही हातात कोयता असताना. मग मुकादम चप्पल हुंगवतो. कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावा, एवढं टोळीतल्या एकाला तरी शिकवता येईल. निघताना पूर्ण हंगामाच्या गोळ्या हातात पडाव्यात.

दसरा झाला की गाड्या हलायला लागतात. बाकीचं सावकाश करा, गोळ्यांचं त्याआधी बघा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. केज, जि. बीड