तिसरं रोप उपटू नकोस

नागपूर, 20 एप्रिल

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

कपातल्या तीन रोपांचा तुझा फोटो काल रात्री पाहिला. एवढं सगळं फोनवर टाइप करत बसण्यापेक्षा कागद बरा, म्हणून हे पत्र. "एका बीतून तीन रोपं कशी, आईंना विचारा," असं मुग्धा म्हणाली म्हणे. म्हणजे आई आयुष्यभर संत्र्याच्या बिया मोजत होती, हे मुलाच्या नाही, सुनेच्या लक्षात राहिलं! असो.

इथून नेलेल्या मृगाच्या संत्र्यांच्या बिया अजून उरल्या असतील, तर एक ओवीसमोर सोल. वरची पांढरी साल आणि आतला तपकिरी पापुद्रा काढलास की पिस्त्यासारखी हिरवी दळं दिसतील. वाटाण्यासारखी दोन सारखी अर्धुकं नसतात ती. लहानमोठी, एकमेकांत दाटीने बसलेली असतात. ते एक बाळ नाही, तीन-चार गर्भ आहेत. त्यातला फार तर एखादा परागकण आणि बीजांड यांच्या मिलनातून झालेला, आईबाप दोघांचा. बाकीचे आईच्याच पेशींतून, बापाशिवाय उगवलेले असतात. आमच्या भाषेत न्यूसेलर, तुमच्या भाषेत आईची झेरॉक्स.

शेतकऱ्याला ही झेरॉक्स हवीच असते. जंबेरी या लिंबाच्या जातभाईच्या बिया पेरून खुंट, म्हणजे कलमाचं खालचं मुळाचं रोप, करतात आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे काडीवरचा अंकुर बसवतात, ते याच भरवशावर. जंबेरीचीही बहुतेक रोपं आईसारखीच निघतात, म्हणून बाग एकसारखी वाढते. काटोल-वरूडकडच्या कुठल्याही रोपवाटिकेत जा, वाफ्यातली वेडीवाकडी, खुरटी, म्हणजे बहुधा आईहून वेगळी निघालेली रोपं आधी उपटतात. बरोबरच आहे ते.

माझी चूक तिथेच झाली. हे तुला कधी सांगितलं नाही.

1994 च्या आंबिया बहारात, फेब्रुवारीत, मी नागपुरी संत्र्यावर मोसंबीचा पराग लावला. उद्या उमलेल अशी टपोरी कळी शोधायची, पाकळ्या चिमट्याने अलगद उघडायच्या, आतले पुंकेसर एकेक खुडायचे, पराग लावायचा, वर बटरपेपरची पिशवी बांधायची. तू दीड वर्षाचा होतास, आजीजवळ ठेवून जायचे मी. फळं धरली, बिया पेरल्या. वाफ्यात रोपं आली तेव्हा आमचे माळीबुवा म्हणाले, "बाई, हे मरतुकडे कायले ठेवता?" मी म्हटलं, काढून टाका. पुस्तकात वाचलेलं सगळं ठाऊक होतं, तरी सवयीचा हात पुढे गेला. धष्टपुष्ट 38 रोपं तेवढी ठेवली.

बियांपासूनचं झाड फळायला आठ-आठ वर्षं घेतं आणि तोवर नुसते काटे पोसतं. 2002 साली पहिली फळं आली. सोलली तर सालही सैल, फोडीही सैल, चव तीच. अडतीसच्या अडतीस नागपुरी संत्री! पुढे डीएनए तपासणीतही तेच निघालं. मोसंबीची जी लेकरं असतील, ती मीच वाफ्यातून उपटून उकिरड्यावर टाकली होती. अहवालात "संकर मिळाला नाही" एवढंच लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, तरी त्या संध्याकाळी मी घरी स्वयंपाक केला नाही. तुझ्या बाबांनी समोसे आणले होते, तुला आठवत असेल. कारण तुला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस आहे.

बाप त्रिदल लिंबू असता तर ही वेळ आली नसती. त्याचं पान बेलासारखं तीन पानांचं, आणि तो गुण लेकरात उघड उतरतो. रोप चार बोटांचं झालं की तीन पानं बघून ओळखायचं, हा बापाचा. संत्रं आणि मोसंबी, दोघांचंही पान एकपानी. डोळ्याला काय कळणार? आता पानाचा तुकडा दिला की प्रयोगशाळा सांगते. 2017 मध्ये वुहानच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी तर या झेरॉक्समागचं जनुकच शोधलं. त्याच्या अगदी पुढ्यात डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसलाय. तो जिथे आहे तिथे एका बीत अनेक गर्भ होतात. पपनसात तो नाही, म्हणून पपनसाच्या बीतून एकच रोप येतं आणि संकर करणारे आई म्हणून पपनस निवडतात. मला हे वीस-पंचवीस वर्षं आधी हवं होतं, पण तक्रार कुणाकडे करायची?

आणि गंमत बघ, मोसंबी तरी कोण? पपनस आणि संत्रावर्गाच्या जुन्या संकरातून आलेली. कुणीतरी ते वेगळं रोप न उपटता वाढू दिलं, फळ चाखलं आणि पुढे त्याच्याच नकला होत राहिल्या.

आता तुझा फोटो. पुढची दोन जुळ्यांसारखी आहेत, गडद, उंचीला सारखी. ती बहुधा झेरॉक्स. मागचं बारीक, आगकाडीएवढ्या देठाचं, पान जरा मुडपलेलं, तेच माझ्या नजरेत भरलंय. ते दोघांचं असेलच असं नाही, नुसतं उपाशीही असू शकतं. पण तू काल लिहिलंस, "दोन ठेवतो, तिसरं काढतो." ते काढू नकोस.

तिन्ही एकत्र राहिली तर मोठी दोन त्याला खाऊन टाकतील. संध्याकाळी कप पाण्यात बुडवून माती सैल कर, मुळं एकमेकांत गुंतली असतील ती ओढू नकोस, पाण्यातच सुटतील. बारक्याला वेगळी कुंडी दे, आठवडाभर सावलीत ठेव, पाणी बेताचं. ओवीला रोज पाणी घालायचा उत्साह असेल, तिला दुसऱ्या दोघांचं पाणी दे.

मेअखेरीस इकडे याल तेव्हा ते घेऊन या. मी जंबेरीचे दोन खुंट कुंडीत वाढवतेय. डोळा भरायला खुंट पेन्सिलीएवढा जाड लागतो, आणि तुमच्या बारक्यालाही डोळे काढण्याइतकी काडी धरायला वर्ष-दीड वर्ष लागेल. फळ दिसेपर्यंत ओवी आठवीत गेलेली असेल. गाडीत कुंडी मांडीवर घ्या, डिकीत नको, नागपूरच्या उन्हात डिकीचा तंदूर होतो.

तुझी,
आई