बाबांच्या गोळ्यांचा डबा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

दादाने डब्याचा फोटो पाठवला. पार्किन्सनसाठी सकाळी घ्यायच्या सिन्डोपा गोळीशेजारी आता व्हिटॅमिन ई, अमेरिकेहून आत्याने पाठवलेलं कोएन्झाइम क्यू-टेन, बी-कॉम्प्लेक्सची एक भलीमोठी बाटली आणि कोणीतरी आणून दिलेल्या खाजकुहिलीच्या कॅप्सूल अशी गर्दी झाली आहे. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "घेऊ की नको, एका शब्दात सांग." गणिताच्या मास्तरांना रीत न दाखवता उत्तर दिलं तर मार्क मिळत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून हे पत्र.

व्हिटॅमिन ईपासून सुरू करते. डोपामिन हे हालचाल नीट चालवणारं रसायन. ते बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी ऑक्सिडीकरणाने झिजतात, व्हिटॅमिन ई ते ऑक्सिडीकरण थोपवतं, तेव्हा आजारही थोपवेल, असा सरळ तर्क होता. १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात 'डेटाटॉप' नावाची चाचणी सुरू झाली. आजार नुकताच लक्षात आलेले ८०० रुग्ण, आणि व्हिटॅमिन ईची मात्रा रोज २००० युनिट. १९९३ मध्ये निकाल छापून आला: काहीही फायदा नाही. क्यू-टेनचंही तसंच. ६०० रुग्णांवरच्या चाचणीत रोज २४०० मिलिग्रॅमपर्यंत देऊन पाहिलं आणि फायद्याची शक्यता दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली. २०१४ मध्ये तेही जाहीर झालं. आत्याचं मन मोडायचं नसेल तर बाटली ठेवा, पण पुढची मागवू नका.

काकांनी पाठवलेला बी-वनच्या इंजेक्शनांचा व्हिडिओही मी पाहिला. इटलीतल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ५० रुग्णांना बरं वाटल्याचं लिहिलं हे खरं. पण शेजारी खोटं इंजेक्शन घेणारा गट नव्हता, आणि या आजारात तो फार महत्त्वाचा. औषध मिळतंय या नुसत्या अपेक्षेने पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन सुटतं, हे २००१ मध्ये स्कॅनवर दिसलं आहे. बरं वाटणं खोटं नसतं, पण ते व्हिटॅमिनमुळेच होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही.

आता बी-सिक्स. सिन्डोपातलं मुख्य औषध म्हणजे लेव्होडोपा. त्याचं डोपामिन करणाऱ्या एन्झाइमला बी-सिक्स लागतं. लेव्होडोपा नवं होतं तेव्हा ते एकटंच देत, तेही ग्रॅमच्या हिशेबात. त्या काळात बी-सिक्सची गोळी घेतली की औषध मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच शरीरात खर्ची पडायचं आणि थरथर परत यायची. म्हणून तुमच्या गोळीत कार्बिडोपा आहे. पाकिटावर २५ आणि १०० लिहिलंय ना, त्यातले २५ मिलिग्रॅम कार्बिडोपाचे. ते मेंदूबाहेरचं रूपांतर अडवतं, त्यामुळे साध्या मल्टीव्हिटॅमिनमधल्या बी-सिक्सची भीती नाही. उलट कार्बिडोपा बी-सिक्सलाच धरून बसतं आणि औषधाची मात्रा खूप वाढली की त्याची कमतरताही होऊ शकते. म्हणजे वाटेल तेवढं घ्या असं नाही. मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतलेल्या बी-सिक्सने नसाच दुखावतात. ती भलीमोठी बाटली दादाला डॉक्टरांकडे न्यायला सांगा, लेबल त्यांनी वाचू दे.

खाजकुहिलीला मी नावं ठेवणार नाही. कंपवातासाठी आयुर्वेदात ती आहे आणि तिच्या बियांत खरोखरचं लेव्होडोपा असतं. अडचण तीच आहे. सिन्डोपावर ती घेणं म्हणजे मोजमाप नसलेला दुसरा डोस. उलटी, रक्तदाब उतरून चक्कर, अंग आपोआप वळवळणं, भास, काहीही होऊ शकतं. न्यूरॉलॉजिस्टना सांगितल्याशिवाय एकही कॅप्सूल नको.

आता ज्यासाठी मी खरी मागे लागणार आहे ते सांगते. बी-ट्वेल्व्ह. लेव्होडोपा शरीरात मोडताना होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते साफ करायला बी-ट्वेल्व्ह, फॉलिक ॲसिड आणि बी-सिक्स लागतं. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांत ही कमतरता आणि पायांच्या मुंग्या बऱ्याचदा दिसतात. त्यात आपलं घर शाकाहारी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तर तिघांतल्या दोघांचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं; २००६ मध्ये ते छापून आलं. आणि गंमत बघा, ज्या डेटाटॉपमध्ये व्हिटॅमिन ई नापास झालं, त्याच रुग्णांचं जपून ठेवलेलं रक्त पुढे तपासलं गेलं. २०१८ च्या त्या लेखात सुरुवातीला बी-ट्वेल्व्ह कमी असलेल्यांचं चालणं आणि तोल जास्त वेगाने बिघडलेला दिसला. बी-ट्वेल्व्ह दिल्याने आजार थांबतो असं यातून निघत नाही, मी तसं म्हणतही नाही. पण तळपाय बधिर वाटतो, पाऊल नीट कळत नाही, अशी तुमची जी तक्रार आहे ती सगळी पार्किन्सनच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. त्यातला काही भाग सुधारण्यासारखा असेल. तपासणी मात्र इंजेक्शन घेण्याआधी करा, नंतर आकडा उगाच चांगला दिसतो.

त्याच रक्तात व्हिटॅमिन डीही बघायला सांगा. तोल जाणाऱ्या माणसाची हाडं ठिसूळ असून चालत नाही. कमी निघालं तर साठ हजार युनिटचं पाकीट देतील, ते आठवड्याला एक. आमच्या औषधांच्या दुकानात ते रोज घेणारी माणसं येतात. कॅल्शियम वाढून त्यांना दवाखान्यात जावं लागतं.

आणि बाबा, या सगळ्या बाटल्यांपेक्षा मोठा फरक पडेल तो दुधाने. तुम्ही सकाळची गोळी दुधासोबत घेता. दुधातली प्रथिनं आणि लेव्होडोपा एकाच वाटेने आत शिरू बघतात आणि गोळी मागे पडते. गोळी साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्या. मळमळलं तर एखादं बिस्किट चालेल. वरण-पनीर बंद करू नका, अंगात ताकद हवी. प्रथिनांचा जास्तीचा वाटा रात्रीच्या जेवणात घ्या. लोहाची गोळी घेत असाल तर ती सिन्डोपापासून दोन तास लांब ठेवा.

आई, डब्याचं हे नवं वेळापत्रक मी मोठ्या अक्षरात लिहून सोबत पाठवते आहे, फ्रिजवर लाव. आणि रक्त घ्यायला माणूस घरी येईल तेव्हा तुझाही हात पुढे कर. मधुमेहाची मेटफॉर्मिन इतकी वर्षं घेते आहेस, त्याने बी-ट्वेल्व्ह कमी होतं, आणि तू तर ताकसुद्धा सगळ्यांना वाढून उरलं तरच घेतेस. "मला काय झालंय" हे उत्तर चालणार नाही. दोन्ही रिपोर्ट एकदमच पाठवा.

तुमची,
ताई
बडोदे